सेव्हेरसची बहीण आणि माझी

लंडनच्या हॅरोला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी रोमन इतिहासाच्या वर्गात नाव घातलं. रोमचा आणि माझा काही संबंध नव्हता. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा, त्याच्या वर्क परमिटवर आम्ही आलो होतो, आणि मला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी लागली होती. मी फोनवर बोलले की पलीकडून "सॉरी, काय म्हणालात?" असं दिवसातून दहा वेळा यायचं. इंग्रजी माझं कच्चं नव्हतं. पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते तासगावचं होऊन जायचं.

नवरा म्हणाला, "इथल्या लोकांत बसत जा, बोलत जा, आपोआप सुटेल." कौन्सिलच्या प्रौढांसाठीच्या वर्गांची पुस्तिका दारात येऊन पडली होती. शनिवारी सकाळी दोनच वर्ग होते, एक फुलांची सजावट आणि दुसरा रोमन लोकांचा. फुलांशी काय बोलणार, म्हणून मी रोमन घेतले.

वर्गात आम्ही बाराजण होतो. मला सोडलं तर सगळे निवृत्त. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. शाळेत चाळीस वर्षं लॅटिन शिकवून थकल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी विणलेली निळी टोपी घालणाऱ्या एक आजी बसायच्या. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की अस्सल लंडनच्या वाटायच्या. मला त्यांच्या इंग्रजीचा हेवा वाटे.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी सम्राट वाटले. प्रत्येकाने एकेक घ्यायचा, वाचायचं आणि वीस मिनिटं बोलायचं. ब्रिटनच्या उत्तरेला भिंत बांधणारा गेला, तत्त्वज्ञ गेला, रोम जळताना फिडल वाजवणारा तर सगळ्यात आधी गेला. माझ्यापर्यंत आला सेप्टिमियस सेव्हेरस. हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल तो. तोही लांबून आलेला होता."

त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असणार. मला मात्र ते टोचलं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बघ, सम्राटसुद्धा मला बाहेरचाच मिळाला."

पण वाचायला लागले आणि त्या माणसाने मला धरूनच ठेवलं. तो जन्मला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या लिबियात, लेप्टिस नावाच्या बंदरात. त्या गावची बोली वेगळी. लॅटिन त्याने शिकून घेतलेली. वीस वर्षांचा व्हायच्या आत तो रोमला आला, एकेक पायरी चढत सिनेटमध्ये बसला, मग डॅन्यूब नदीकाठच्या फौजांचा प्रमुख झाला. तेवढ्यात रोममध्ये राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनीच सम्राटाला मारलं आणि गादी चक्क लिलावात काढली. जो जास्त बोली लावेल तो सम्राट! हे कळल्यावर सेव्हेरस फौज घेऊन रोमवर चालून आला. गादी विकत घेणारा दोन महिने जेमतेम बसला होता. त्याला त्याच्याच लोकांनी संपवलं. सेव्हेरसने त्या पहारेकऱ्यांना शहराबाहेर बोलावलं, आपल्या सैनिकांकडून घेरलं, हत्यारं उतरवून घेतली आणि हाकलून दिलं.

पुढची काही वर्षं त्याने दोन प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात घालवली. त्यातला एक पूर्वेचा आणि एक इथला, ब्रिटनचा सुभेदार. दोघेही मेले. त्यांची बाजू घेणारे सिनेटर त्याने निर्दयपणे मारले. आणि याच धामधुमीत त्याने एक गोष्ट केली जी वाचून मी मोठ्याने हसले. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या त्या तत्त्वज्ञ सम्राटाचा आपण मुलगा आहोत, असं त्याने जाहीर केलं. स्वतःच स्वतःला दत्तक दिलं! पन्नाशीच्या माणसाला, एवढं जिंकल्यावरसुद्धा, बाप उसना घ्यावासा वाटला.

हसून झाल्यावर मी पुस्तक उलटं ठेवलं. कारण असलं मीही केलं होतं.

मी तासगावजवळच्या एका खेड्यातली. मी सहा वर्षांची असताना आई गेली. माझी मोठी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. लग्न होऊन त्याच गावात दिलेली. तिने मला आपल्या घरी नेलं आणि आपल्या मुलाबरोबर वाढवलं. तिची शाळा चौथीत सुटली होती. मला मात्र तिने पुण्याला कॉलेजला पाठवलं, भावजींशी भांडून. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मी "पानी कुठं हाय?" असं विचारलं आणि खोलीतल्या तिघी हसल्या. त्या वाईट नव्हत्या, पण हसल्या. त्या महिन्यात मी आरशासमोर उभी राहून 'पाणी', 'आणि', 'कोण' म्हणायला शिकले. वर्षभरात कुणी गाव विचारलं तर मी 'सांगली' सांगायला लागले आणि आणखी दोन वर्षांनी नुसतं 'पुणे'.

सेव्हेरसबद्दल मात्र एका जुन्या रोमन लेखकाने लिहून ठेवलं होतं की म्हातारपणापर्यंत त्याच्या बोलण्यातून आफ्रिका गेली नाही. आणि त्याच पानावर तीन-चार ओळींत त्याच्या बहिणीची हकिगत होती. तो सम्राट झाल्यावर ती लेप्टिसहून त्याच्याकडे आली. तिला लॅटिन धड बोलता येईना. दरबारात त्याला तिची इतकी लाज वाटायला लागली की त्याने तिच्या मुलाला सिनेटमध्ये बसवलं, तिला भरपूर भेटी दिल्या आणि गावाकडे परत जायला सांगितलं. पुढची ओळ मी वाचलीच नाही. त्या ओळींत तिचं नावही नव्हतं.

मी हे वाचलं तेव्हा माझी ताई आतल्या खोलीत झोपली होती. ती महिन्यापूर्वीच तीन महिन्यांसाठी आली होती. भावजी वारून वर्ष झालं होतं, भाचा म्हणाला, "मावशी, तिला जरा तिकडं घेऊन जा." नऊवारी सोडून ती सहावारी नेसायला लागली होती, त्यावर माझ्या नवऱ्याचा स्वेटर आणि पायात मी घेऊन दिलेले बूट. बसच्या ड्रायव्हरला ती उतरताना "येतो हं दादा" म्हणायची. शेजारच्या गोऱ्या बाईला कुंपणावरून "जेवला का?" विचारायची.

घरी मला तिचं सगळं गोड वाटायचं. बाहेर नाही. गणपतीला आमच्या ओळखीच्या एका पुणेकर कुटुंबाकडे आरती होती. तिथे पैठण्या नेसलेल्या बायकांत बसून ताई म्हणाली, "वाईच पानी द्या की गं बाई." यजमानीण हसली. नुसती हसली, लगेच पाणी आणलं, तांब्याभांडं हातात दिलं. पण ते हसू मी ओळखत होते. पंधरा दिवसांनी त्याच घरी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मी ताईला सांगितलं, "दवाखान्यातल्या लोकांचं आहे गं, तू कंटाळशील." ती म्हणाली, "बरं. जा तू."

तर अशा अवस्थेत मी तो उतारा वाचला. पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून त्या ओळी वहीत उतरवल्या, कारण भाषणात त्या रंगणार हे मला कळत होतं.

सेव्हेरस यॉर्कला मेला, म्हणून बाईंनी माझं भाषण यॉर्कलाच ठेवलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी वर्गाची सहल ठरली. नवरा नेमका कामासाठी एडिनबराला गेलेला, ताईला दिवसभर एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा की, कोचमध्ये जागा आहे." मी ताईला बजावलं, "तिथं सगळे इंग्रज आहेत. तू माझ्याजवळ बस. कुणाशी बोलू नकोस, त्यांना कळणार नाही."

कोच हायवेला लागून अर्धा तास झाला नसेल, ताईने पिशवीतून तासगावच्या बेदाण्यांचा डबा काढला आणि उठली. मी पदर धरला, तिने सोडवला. एकेका सीटपाशी उभी राहून ती म्हणत होती, "घ्या, आमच्या मळ्यातलं हाय." लोक संकोचाने दोन-दोन बेदाणे उचलत होते, थँक यू म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि मग पुढून आवाज आला, "कुठल्या गावच्या गो तुम्ही?"

मी वळून पाहिलं. निळ्या टोपीच्या आजी होत्या. त्यांचा हात बेदाण्याच्या डब्यातच होता.

ताईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "तासगावाजवळ हाय आमचं गाव. तुमचं कुठलं?"

"अलिबागजवळचं. आम्ही ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. बापाचा घाणा होता तेलाचा, शनवारी बंद." आजींनी मुठीतले बेदाणे नाकाशी नेले. "मलिद्यात घालायचो आम्ही हे. पोहे, खोबरं, गूळ. पन्नास वर्षं झाली असतील."

मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि काहीतरीच बोलले. म्हणाले, "तुम्ही मराठी बोलता? मला कधी सांगितलं नाहीत!"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "तू तरी कुठं सांगितलंस गो? इतके शनवार शेजारी बसतेस, आडनावावरनंच ओळखलं होतं मी. मला वाटलं, तुला आवडायचं नाही."

ताईने तोवर त्यांच्या शेजारची जागा पकडली होती. पुढचे तीन तास मी एकटी बसले आणि पुढून दोघींच्या बोलण्याचा आवाज ऐकत राहिले. एक कोकणची, एक देशावरची, एकमेकींना पुन्हा पुन्हा "काय म्हनालात?" विचारत होत्या आणि हसत होत्या. ताई त्या आजींना मावशी म्हणायला लागली होती, मग मीही. मावशींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलांना मराठी येत नव्हती. नऊ वर्षं त्या मराठीत कुणाशी बोलल्या नव्हत्या. हे मला ताईने नंतर सांगितलं.

यॉर्कला नदीकाठच्या बागेत रोमन तटबंदीचा एक जुना बुरूज उभा आहे. खालचे दगड लहान, रोमन. वरचे मोठे, नंतरचे. त्याच्यासमोर वर्ग अर्धवर्तुळात उभा राहिला. म्हाताऱ्यांपैकी काहींनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. मावशी आणि ताई त्यातल्या दोन खुर्च्यांवर बसल्या. मी वही काढली आणि सुरुवात केली.

जन्म सांगितला, लिलाव सांगितला, उसना बाप सांगितला. लोक हसले. मला धीर आला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी एक वाक्य बोलले की खालून ते मराठीत परत येतंय. मावशी ताईच्या कानाशी वाकून सगळं सांगत होत्या. "मेलेल्या माणसाला बाप केला म्हणे." ताई तोंडाला पदर लावून हसत होती.

वहीत पुढच्याच पानावर बहीण होती.

मी पान उलटलं. दोन पानं उलटली. थेट ब्रिटनवर आले. साठी ओलांडलेला, संधिवाताने पाय सुजलेला सेव्हेरस बायको आणि दोन मुलांना घेऊन या बेटावर आला. घोड्यावर बसवेना, म्हणून त्याला पालखीत घालून स्कॉटलंडच्या दलदलीतून नेत. शत्रू समोर येऊन लढायचाच नाही. झाडीतून यायचा, मारायचा, पळायचा. जवळजवळ तीन वर्षं एवढ्या मोठ्या साम्राज्याचा कारभार या यॉर्कमधून चालला. आणि त्याच्या दोन मुलांचं एकमेकांशी पटत नव्हतं. थोरल्याला तर बाप मरेपर्यंत थांबायचाही धीर नव्हता. एकदा बापाच्या मागून घोड्यावर जाताना त्याने तलवार उपसली. बरोबरचे लोक ओरडले, बापाने वळून पाहिलं. शत्रूशी तहाची बोलणी संपवून परतल्यावर त्याने मुलाला बोलावलं, समोर तलवार ठेवली आणि सांगितलं, मला मारायचंच असेल तर इथे मार, सगळ्यांदेखत मारू नकोस. मुलाने तलवार उचलली नाही.

वारा सुटला होता. मी शेवट सांगितला. मरताना त्याने मुलांना एकीने राहायला सांगितलं. इथेच त्याला जाळलं, राख एका कलशात भरून रोमला नेली. वर्ष संपायच्या आत थोरल्याने धाकट्याला आईच्या मांडीवर मारलं आणि त्याचं नाव साऱ्या दगडांवरून खोडून काढलं. त्या कुटुंबाचं लाकडावर रंगवलेलं एक चित्र आज शिल्लक आहे. त्यात धाकट्याचा चेहरा घासून पुसलेला आहे.

टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, "उत्तम. पण बहीण राहिली. मला वाटलं होतं तुम्ही ती नक्की सांगाल."

मी म्हणाले, "वेळ कमी होता."

"आहे की वेळ. सांगा."

मग मी सांगितलं. इंग्रजीत, चार वाक्यांत, वहीत न बघता. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तेच ताईला मराठीत सांगितलं, काही न गाळता.

ताईने विचारलं, "तिच्या पोराला लावलं म्हनं कामाला?"

"मोठ्या जागेवर," मावशी म्हणाल्या.

"मग पोरगं तिथंच ऱ्हायलं आनि ही एकटी गेली?"

मावशींनी हे इंग्रजीत बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "हे माझ्या इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. पुस्तकात म्हटलंय, मुलालाही तिच्याबरोबर परत पाठवलं आणि तो लवकरच वारला. आणि त्या पुस्तकात थापाही पुष्कळ आहेत, तेव्हा झालंच असेल असंही नाही."

"झालं आसंल," ताई म्हणाली.

नंतर सगळे कॉफी प्यायला गेले. मी ताईला घेऊन नदीच्या बाजूला गेले. मला माफी मागायची होती आणि सुरुवात सापडत नव्हती. तीच म्हणाली, "त्या गनपतीच्या घरी मी पानी मागितलं तवा तुझं तोंड उतरलं. दुसऱ्या बारीला दवाखान्यातली मानसं म्हनालीस, तवाच कळलं मला."

"ताई, मी..."

"रडू नगंस. लोक बघत्यात." तिने माझ्या नवऱ्याच्या स्वेटरची बाही ओढून माझे डोळे पुसले, सहा वर्षांच्या मुलीचे पुसावेत तसे, जरा जोरातच. "मीच म्हनलं हुतं न्हवं का तुला पुन्याला जाताना, त्यांच्यावानी बोलायला शिक म्हनून. शिकलीस. आता त्येचा राग मी कसा धरू? पर वाईट वाटलं. वाटलं म्हनून सांगतोय."

तिने ते दोन्ही सांगितलं, राग नाही आणि वाईट वाटलं. त्यातलं एकही तिने माझ्यासाठी हलकं केलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या पुणेकर बाईंना फोन करून आम्ही दोघी जेवायला येऊ का, असं विचारलं. त्या आनंदाने हो म्हणाल्या. ताईच नाही म्हणाली. "तुझ्या समाधानासाठी मला कशापायी नेतीस? मला मावशींकडं सोड." मग उरलेले पाच आठवडे मी तिला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मावशींच्या फ्लॅटवर सोडत होते. दवाखाना सुटला की आणायला जायचे. एकदा दार उघडलं तर दोघी जमिनीवर बसून पोहे निवडत होत्या. टीव्हीवर आवाज बंद करून स्नूकर चाललं होतं, आणि कोणता चेंडू पडणार यावर त्यांचा वाद चालला होता. मला आत यायला दोघींपैकी कुणी म्हणालं नाही. मी कोट काढून कोपऱ्यात बसले.

वर्गात मी आणि मावशी मराठीत बोलायला लागलो. पहिल्या दिवशी मला ते अवघड गेलं. त्यांच्याशी बोलताना 'ण' म्हणायचा की 'न', हेच मला ठरवता येईना. दवाखान्यात माझ्या इंग्रजीला लोक अजूनही "सॉरी?" म्हणायचे. मी दुसऱ्यांदा सांगायचे. आवाज मात्र पूर्वीसारखा बारीक करत नसे.

ताई गेल्यावर तिचं आणि मावशींचं परदेशी स्वस्तात फोन लावायच्या कॉलिंग कार्डावर बोलणं चालू राहिलं. पुढच्या हिवाळ्यात मावशींनी मनावर घेतलं की मरण्याआधी एकदा गाव बघायचं. मुलांना सुट्टी नव्हती. त्या एकट्या मुंबईला उतरल्या. ताई माझ्या भाच्याला बरोबर घेऊन एस.टी.ने अलिबागला गेली आणि दोघी तिथे आठ दिवस राहिल्या. घाणा कुठे होता ती जागा शोधली म्हणे. सापडली नाही, पण तिथल्या एका म्हाताऱ्याला मावशींचे वडील आठवत होते.

भाच्याने मला एक फोटो पाठवला. समुद्रापाशी, पाण्यात पाय घालून दोघी उभ्या आहेत, लुगडं आणि स्कर्ट दोन्ही गुडघ्यापर्यंत धरलेले. मी तो दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा समोर दात दुखणारी चार माणसं बसली होती. त्या सहलीला मला कुणी बोलावलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि फोटो बघून बरंही वाटलं.